आष्टेकरबुवांचे चोवीस भाग

“दर्भाचा करू या का?” सांबरे गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं आणि उपरण्याच्या आडून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“नको,” आक्का म्हणाल्या. “त्यांना सोंग चालायचं नाही. खराच येऊ दे.”

खरा समोरच होता. घाटाच्या वरच्या अंगाला उंबर आहे, त्याच्या खालच्या फांदीवर बसून तो आमच्याकडे बघत होता. पिंडाकडे नाही, आमच्याकडे. मधूनच मान वाकडी करायचा, चोच फांदीला घासायचा आणि पुन्हा बघत बसायचा. साडेनऊपासून त्याचं हेच चाललं होतं.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहिलं असं आमच्याकडे मानतात. मग घरच्यांनी एकेक करून पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि ते मागे राहिलेलं पुरं करण्याचा शब्द द्यायचा. नेमका शब्द सापडला की कावळा येतो. न सापडला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून लावतात आणि सगळे घरी जातात. पण आक्कांनी सकाळीच सांगितलं होतं, कावळा शिवल्याशिवाय मी तोंडात पाणी घालणार नाही. बासष्ट वर्षांची बाई, काल एकभुक्त होती आणि आत्ता घाटाच्या पायरीवर उन्हात बसली होती. बायकांनी दहाव्याला घाटावर यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. “पंचेचाळीस वर्षं यांच्या कीर्तनाला पहिल्या ओळीत बसले,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि आज घरी बसू?”

गेले होते ते आक्कांचे यजमान, अनंतबुवा आष्टेकर, कृष्णाकाठचे नारदीय कीर्तनकार. मी त्यांच्यामागे बारा वर्षं पेटी वाजवली. माझं पोट मात्र पेटीवर नव्हतं. गावातल्या मेडिकल कॉलेजात मी टेक्निशियन होतो, डॉक्टर नलिनी हुपरीकर मॅडमच्या हाताखाली.

शब्द द्यायला पहिला मान श्रीपादकाकांचा. बुवांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा दिवसकार्य या धाकट्या भावानंच केलं. जकात नाक्यावर तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. ओलं धोतर, उघडं अंग, भादरलेलं डोकं. माघातल्या वाऱ्यानं त्यांचे दात वाजत होते.

“दादा,” काका कावळ्याला म्हणाले, “वहिनीकडे मी बघीन. काळजी करू नकोस.”

कावळा हलला नाही.

“तुझी पगडी, झांजा, उपरणी, सगळं देवळात देतो.”

नाही.

“लहानपणी तुझा भिंगरीचा भोवरा मी घेतला होता. मीच घेतला होता. आईनं तुला मारलं. चुकलं माझं.”

कावळ्यानं पंख झाडले. सगळे सावरून उभे राहिले. त्यानं पंख मिटले.

“भोवऱ्याचं त्यांना माहीत होतं,” आक्का म्हणाल्या.

मग मी पुढे झालो. “बुवा, पेटी मी रोज पुसून ठेवीन. काळी चारची पट्टी सोडणार नाही.” आणखीही काय काय म्हणालो. शनिवारचं कीर्तन बंद पडू देणार नाही. एकादशीला देवळात झाडलोट करीन. माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता आणि काखेतून घामाचे ओघळ चालले होते. कावळ्यानं माझ्याकडे पाठ केली.

“मला कारण ठाऊक आहे,” श्रीपादकाका एकदम म्हणाले. “सगळ्यांनाच ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. दादा अर्धाच जाळला आपण. मेंदू तिकडे कॉलेजात बर्फात ठेवलाय आणि इथं पिंड मांडून बसलोय! तो कसा येईल? अहो, निम्मा माल नाक्याच्या अलीकडे आणि निम्मा पलीकडे, गाडी सुटेल का?”

“मी सही दिली होती,” आक्का म्हणाल्या.

“तू दिलीस, दादानं दिली, मला विचारलं कुणी? बारा वाजेपर्यंत बघतो. नाहीतर तसाच ओलेत्यानं कॉलेजात जातो, तो मेंदू ताब्यात घेतो, अग्नी देतो आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा करतो. गुरुजी, चालेल ना?”

“शास्त्रात तसं…” गुरुजी घुटमळले. बहुधा दहा दिवसांच्या तारखा मनात मांडत असावेत.

हे मेंदूचं कसं झालं ते सांगायला हवं. आधीच्या वर्षी एका दुपारी बुवा मला शोधत प्रयोगशाळेत आले होते, शनिवारच्या आख्यानाची चाल ठरवायला. तिथं भिंतीवर मेंदूचा मोठा नकाशा होता. जागोजागी रंग भरलेले, चोवीस भाग, प्रत्येकाला नंबर. बुवा पगडी काखेत धरून त्याच्यासमोर उभे राहिले ते हलेचनात.

“वामन, ही कुठली क्षेत्रं रे?”

मॅडमनीच सांगितलं. मॅडम देव मानत नसत, पण विचारणारा मिळाला की त्यांना राहवत नसे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्या निरोपासाठी लहान लहान साखळ्या असतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्या सगळ्या मेंदूत सारख्या पसरलेल्या नसतात. एखादी एका जागी ठासून भरलेली, दुसऱ्या जागी जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या माणसांत कुठे काय किती, ते आम्ही मोजतोय.

“असं?” बुवा म्हणाले. “मग मला एक सांगा. उत्तररंगात कथा चढत जाते, एका क्षणी सगळी सभा हुंदका देते. माझाही गळा दाटतो. ते कुठून येतं?”

“तसं एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “जिवंत माणसात तर नाहीच. मेल्यावर कुठे किती असतं, एवढंच मोजता येतं.”

“मग माझं मेल्यावर मोजा. आणि मला सांगा.”

मॅडम हसल्या. “मेल्यावर कसं सांगणार तुम्हाला?”

“ते माझं मी बघतो,” बुवा म्हणाले, आणि तिथंच टेबलावर वाकून सही करून मोकळे झाले. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

ते गेले ते सकाळी सहाला, दात घासताना. नऊच्या आत मेंदू कॉलेजात पोहोचला. डोक्याला मागून टाके घालून वर पगडी चढवली तेव्हा कुणाला काही कळलंही नसतं. अकराला आम्ही त्यांना घाटावर नेलं. मॅडमच्या वहीत ते “केस नंबर दहा” झाले.

तर साडेअकराच्या सुमारास घाटावर लुनाचा आवाज आला. श्रीपादकाकांनी सकाळीच कॉलेजात चिठ्ठी धाडली होती: ‘बारापर्यंत कावळा न शिवल्यास मेंदू परत नेण्यात येईल, तयार ठेवावा.’ ती वाचून मॅडम स्वतःच आल्या होत्या. पांढरा कोट अंगात, पाठीला गुंडाळलेला नकाशा बांधलेला. लुना उंबराखाली लावली. कावळ्यानं वाकून तिच्याकडे पाहिलं.

“हे काय चाललंय?” मॅडम पायऱ्या उतरत म्हणाल्या. “अशा केसेस मला रोज मिळतात का? मृत्यूनंतर तीन तासांत मिळालेला मेंदू आहे हा. मोजणीसाठी मुंबईहून किरणोत्सारी द्रव्य मागवलंय, त्याची ताकद रोज कमी होतेय. आणि एका पक्ष्याला भूक नाही म्हणून तुम्ही…”

“बाई,” आक्का म्हणाल्या, “या, बसा. उन्हातून आलात.”

मॅडम पायरीवर बसल्या. आक्कांशी चढ्या आवाजात बोलणं कुणालाच जमत नसे.

“यांनी तुम्हाला म्हटलं होतं ना, मला सांगा म्हणून?”

“म्हणाले होते.”

“मग सांगा की. तेच राहिलंय त्यांचं. सकाळपासून माझ्या मनात तेच आहे, पण हे पुरुष भोवऱ्याचं काढून बसलेत.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. “कुणाला सांगू?” त्यांनी विचारलं.

“त्याला,” गुरुजींनी उंबराकडे बोट केलं. घाईत त्यांनी आता शास्त्र सोडून दिलं होतं. “मोठ्यानं सांगा.”

तेव्हाचं ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. परदेशातल्या परिषदांत निबंध वाचलेली बाई घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभी, मी आणि काकांनी दोन टोकांना नकाशा ताणून धरलेला, आणि ती हातातल्या छत्रीची दांडी त्याच्यावर टेकवून एका कावळ्यासमोर बोलतेय. पहिली दोन वाक्यं सवयीनं इंग्रजीत निघाली.

“दादाला इंग्रजी येत नव्हतं,” काका म्हणाले.

“बरं. तर बुवा, मेंदूच्या देठात हा काळा पट्टा. इथं सबस्टन्स पी नावाचं पेप्टाइड सगळ्यांत जास्त. त्याच्या वर हा फिकट गोळा, इथं एनकेफॅलिन भरपूर. ते म्हणजे शरीराची घरची अफू. दुखणं त्यानं दबतं.”

“अफू?” काकांचे कान टवकारले. “डोक्यात? विनापरवाना?”

“श्रीपाद,” आक्का म्हणाल्या.

“वर हे बाहेरचं आवरण. इथं सी. सी. के. पुष्कळ. गंमत म्हणजे हेच पेप्टाइड आतड्यातही असतं, जेवणानंतर पित्त सोडायला सांगतं.”

“आतड्यातलं डोक्यात गेलं कसं? मध्ये कुणी अडवलं नाही?”

“गेलं नाही हो, दोन्हीकडे तयार होतं! आणि हे इथं, अगदी मधोमध, तळाशी, बदामाएवढं. हायपोथॅलॅमस. इथं जवळजवळ सगळीच पेप्टाइडं. तहान, भूक, झोप, माया, सगळ्याचे निरोप इथून सुटतात.”

कावळा फांदीवरून उडाला आणि पिंडापासून चार पायऱ्या वर येऊन बसला.

“परत!” गुरुजी ओरडले. “बाई, तेच परत म्हणा!”

“काय परत?”

“ते मधोमध तळाशी!”

“हायपोथॅलॅमसमध्ये सगळीच पेप्टाइडं,” मॅडम म्हणाल्या.

कावळा एक पायरी उतरला. मग मात्र आमच्या मंडळींना धीर राहिला नाही. शेजारच्या दोन पायऱ्यांवर दुसऱ्या घरांचे दहावे चालले होते, ती माणसंही येऊन उभी होती. मॅडमनी वाक्य म्हणायचं आणि सभेनं ते धरायचं असं आपोआप सुरू झालं. बारा वर्षांची सवय. मीही मागून सूर धरला. हायपोथॅलॅमसमध्ये सगळीच पेप्टाइडं, हायपोथॅलॅमसमध्ये सगळीच. कुणीतरी टाळी धरली. मॅडमचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज खुलला होता. हातातली छत्री आता नकाशावर नव्हती, ती वर उचललेली होती, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या एका पायावर किंचित झुलत होत्या.

“आणि इथं,” त्यांनी मागे दाखवलं, “लहान मेंदू. इथं जवळजवळ काही नाही.”

“काही नाही?” काकांनी नकाशाचं टोक सोडलं. “का नाही?”

“नसतं. आहे तसं आहे.”

“लहान म्हणून काही नाही! सगळं मधल्याला, वरच्याला, आणि लहान म्हणून याला काही नाही. घरातही तेच झालं. दादाला पगडी, दादाला गाणं, दादाला मान, धाकट्याला नाक्यावर बसवला!” काका खरंच रडत होते. “वहिनी, मी काय कमी होतो? माझाही आवाज होता!”

“होता,” आक्का म्हणाल्या. “ते नेहमी म्हणायचे. श्रीपादनं गाणं सोडलं हे माझ्या जिवाला लागलं, असं म्हणायचे.”

काकांनी ओल्या धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि पुन्हा नकाशा धरला.

कावळा आता पिंडापासून हातभर होता. त्यानं मान पुढे केली. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “एक सांगितलं पाहिजे.”

“आता काही सांगू नका!” गुरुजी कुजबुजले.

“सांगायला हवं. नाहीतर ते खोटं होईल. हे आकडे बुवांचे नाहीत. परदेशातल्या अभ्यासांतले आहेत. दुसऱ्या माणसांचे.”

कावळा उडाला. थेट उंबरावर, आणि या वेळी वरच्या फांदीवर.

घाटावर एक हाय निघाली. टाळी थांबली. मॅडम छत्री खाली करून उभ्या राहिल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं.

“मग यांचे आकडे कुठे आहेत?” आक्कांनी विचारलं.

“मोजायचे आहेत. पण बाकीचं सगळं झालंय. वामननं चोवीस भाग काढून ट्यूबांत भरून ठेवलेत. त्याच्याएवढा हात कुणाचा नाही. आज द्रव्य घातलं की महिन्याभरात आकडे. हो ना, वामन?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आक्का, काका, गुरुजी, शेजारचे दोन दहावे. वरून तोही.

आमचं काम असं असे: मेंदू गोठवायचा, थंड खोलीत त्याच्या पातळ चकत्या करायच्या आणि चकतीतल्या हव्या त्या जागेचा कण पोकळ सुईनं टोचून काढायचा. कण वजन करून ट्यूबमध्ये टाकायचा, आम्लात उकळायचा. नऊ मेंदूंचं मी केलं होतं. झोपेतही केलं असतं.

“ट्यूबा रॅकमध्ये आहेत,” मी म्हणालो. “चोवीस. लेबलं लावलीत.”

“हो, पाहिलीत मी.”

“आत काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“रिकाम्या आहेत, मॅडम.”

“आणि बुवा?” मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळेत त्या नेहमी ‘केस नंबर दहा’ म्हणत आल्या होत्या.

“फ्रीझरमध्ये आहेत. अख्खे.” मग मला बोलणं आवरेना. “पहिल्या दिवशी सुरी घेतली होती मी. खोलीत गेलो होतो. पण मॅडम, बारा वर्षं मी त्यांच्या पाठीमागे बसलो. समोरून त्यांना कधी पाहिलंच नाही, ही मागची बाजूच पाहिली. पगडीच्या खाली मान, आणि गाताना ती कशी हलायची ते. त्यावरून कळायचं मला, आता चढणार की उतरणार. आणि तिथंच सुरी लावायची… मग मी नमस्कार केला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी फ्रीझर उघडतो, नमस्कार करतो, झाकणाला बुक्का लावतो आणि तुम्हाला सांगतो की झालं.”

“बुक्का?” मॅडम किंचाळल्या. “तो बुक्का होता? मी रोज बुरशी म्हणून स्पिरिटनं पुसतेय! दोनदा संचालकांना तक्रार लिहिली!”

कुणीतरी हसलं. पण श्रीपादकाका हसले नाहीत. त्यांनी नकाशा खाली ठेवला आणि धोतर खोचलं.

“अख्खा आहे म्हणतोस? एक चकतीसुद्धा काढली नाही?”

“नाही.”

“मग प्रश्नच मिटला. चला. आत्ता आणू या. आज इथंच अग्नी देऊ. कापला असता तर गोष्ट वेगळी.”

ते चढून जायला लागले. मॅडम त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. “हात लावून दाखवा,” म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची जरब नव्हती. कागदावर सही होती तरी अख्खा मेंदू मागायला घरचा माणूस ओलेत्यानं दारात आला, तर कॉलेजनं काय केलं असतं ते त्यांना कळत होतं. आणि मला कळत होतं की हे सारं माझ्या नमस्कारानं झालं.

“श्रीपाद, थांब,” आक्का म्हणाल्या. त्या उठायला लागल्या. मी हात दिला तर त्यांनी तो झिडकारला. भिंतीला धरून उभ्या राहिल्या. “वामन, त्यांनी तुला काय सांगितलं होतं?”

“मोजा म्हणून.”

“आणि तू काय केलंस?”

“नमस्कार.”

“दहा दिवस?”

“हो.”

“मग काम कधी करणार होतास रे, गाढवा?” आक्का मला बारा वर्षांत कधी अरे-तुरेपलीकडचं बोलल्या नव्हत्या. “सूर कुठे लावायचा ते त्यांनी मान हलवून सांगितलं की तू लावायचास ना? का तेव्हाही नमस्कार करून बसायचास?”

“लावायचो.”

“मग?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

“माझ्याकडे नको बघू. तिकडे बघून सांग.”

मी वळलो. पिंड समोर होता, भात वाळून कडक झाला होता. पायऱ्यांवर गुडघे टेकले. वर बघायचं धाडस झालं नाही. “बुवा,” मी म्हणालो, “आज दुपारी दोनला कापतो. चोवीसच्या चोवीस भाग. काळ्या पट्ट्यापासून लहान मेंदूपर्यंत. हात चळू देणार नाही. आणि जे येईल ते, जसं येईल तसं, सांगेन.”

काही क्षण नुसतं पाणी वाजत होतं. मग कानाजवळून वारा गेला. कावळा आला तो नुसती चोच लावून निघून जाणाऱ्यांतला नव्हता. पिंडावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला, मोठा लचका तोडला, गिळला, पुन्हा तोडला, आणि तिसरा तोंडात धरून नदीपलीकडे गेला.

“शिवला!” गुरुजी ओरडले आणि ओरडता ओरडताच भांडी आवरायला लागले.

काका पायरीवर मटकन बसले. आक्का ओंजळभर पाणी प्यायल्या. मॅडमनी कोटाच्या खिशातून वही काढली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. मी डोकावलो. ‘केस १०. ११:५२.’ पुढे काय लिहावं ते सुचलं नसावं, कारण पेन तसंच टेकवून त्या नदीपलीकडे बघत राहिल्या होत्या.

दोन वाजता थंड खोलीच्या दारात मी चपला काढल्या. “मॅडम, चालेल ना?” मॅडमनी वैतागून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्याही काढल्या. उणे वीसच्या लाद्यांवर मोज्यांनी उभे राहून आम्ही साडेपाच तास काम केलं. पहिली चकती पडली आणि मग हातानं आपलं काम धरलं. मी काही गुणगुणत होतो म्हणे. मॅडमनी एकदाच म्हटलं, “जरा खालच्या पट्टीत.”

आकडे यायला सात आठवडे लागले. ज्या दिवशी आले, त्या दिवशी मॅडमनी मला बोलावून कागद पुढे सरकवला. मी वरपासून खालपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला. मग संध्याकाळी सायकल काढून आक्कांकडे गेलो.

त्या तांदूळ निवडत होत्या. “आले?”

“आले.”

“सर्वांत जास्त कुठे?”

“हायपोथॅलॅमसमध्ये.”

“आणि लोकांचं?”

“तिथंच.”

“सर्वांत कमी?”

“लहान मेंदूत. सगळ्यांचं तसंच.”

“मधे कुठे काही?”

“कुठेच नाही, आक्का.” मी कागद पुढे केला. “चोवीस जागा, सहा पेप्टाइडं. एकेक आकडा सरासरीला लागून. मॅडम म्हणाल्या, इतका नेमस्त मेंदू आम्ही पाहिला नव्हता. नाव झाकलं तर बुवांचा कुठला आणि हमालाचा कुठला, सांगता येणार नाही. मला वाटलं होतं, कुठेतरी, एका तरी जागी…”

आक्कांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “दर कीर्तनात ते म्हणायचे. मध्यंतरात, हार घालून घेताना. माझ्यात काही वेगळं नाही हो, तुमच्यात आहे तेच माझ्यात आहे. आठवतं?”

“आठवतं. काय टाळ्या पडायच्या तेव्हा!”

“त्याच टाळ्यांना कातावायचे ते. घरी येऊन पगडी खुंटीला नाही, जमिनीवर आपटायचे. आजही टाळ्याच वाजवल्या, ऐकलं कुणीच नाही, असं म्हणायचे. त्यांना वाटायचं, लोक हा विनय समजतात. म्हणून त्यांना हा कागद हवा होता, वामन. मेल्यावर तरी पटेल म्हणायचे.” त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. “शनिवारी देवळात वाच.”

शनिवारी देऊळ भरलं होतं. बुवांच्या जागी पाट मांडला होता, त्यावर त्यांची पगडी. श्रीपादकाकांनी आधी एक पद म्हटलं. आवाज थरथरला, पण खरंच होता. मग मी उभा राहिलो. पेटीच्या मागे नाही, पुढे. सबस्टन्स पीपासून सुरुवात केली आणि एकेक भाग, एकेक आकडा वाचत गेलो. माणसं टाचणी पडली तर ऐकू येईल अशी बसली होती. शेवटी मॅडमनी लिहून दिलेलं वाक्य वाचलं: “तपासलेल्या चोवीसही ठिकाणी, अनंतबुवा आष्टेकर यांच्या मेंदूत इतर माणसांपेक्षा वेगळं असं काहीही आढळलं नाही.”

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गाभाऱ्यातल्या समया हलल्या. मागून कुणीतरी “धन्य! धन्य!” म्हणून ओरडलं. एक म्हातारे गृहस्थ वाट काढत पुढे आले, त्यांनी माझ्या हातातल्या कागदाला बुक्का लावला आणि त्यावर कपाळ टेकलं. त्यांच्यामागे रांग लागली.

आक्का पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि खांदे हलत होते. मी घाबरून जवळ वाकलो, तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“बघ,” त्या म्हणाल्या, “अजून ऐकत नाहीत.”